मुहूर्ताची गाठ

फसवलं मी आणि फसला गुणवंत मिस्त्री. हे आधीच लिहून टाकतो, कारण दिग्रसच्या कॉटन मार्केटात मी इतकी वर्षं याच्या बरोबर उलट सांगत आलो आहे. 'गुणवंतानं ऐन हंगामात मला दगा दिला' हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. ऐकणारे मान डोलवायचे. मी बोलायला लागलो की लोक मान डोलवतात. नाही डोलवली तर मी आवाज चढवतो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

ज्यांनी गुणवंताला पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी त्याच्या पोत्याची गोष्ट सांगायला हवी. जिनातलं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातलं, मशीन उघडायला बसला की तो जमिनीवर एक रिकामं पोतं अंथरायचा. पहिला काढलेला नट डाव्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी दुसरा, मग वॉशर, मग पट्टी, अशी ओळ लागत जायची. पोत्यावरून कोणी पाय टाकलेला त्याला खपत नसे. काम संपत आलं की तो उजवीकडून एकेक वस्तू उचलत डावीकडे यायचा आणि शेवटचा नट बसला की उभा राहून पोतं झटकायचा. त्यातून धुळीशिवाय काही पडलेलं मी पाहिलं नाही. "जे जिथून निघालं ते तिथंच जाते, भाऊ," तो म्हणायचा. "मशीनीले आपल्या मनानं काही देऊ नये अन् तिचं काही ठिवून घेऊ नये."

अंगानं काटकुळा, खाकी पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर ग्रीसचे गोल डाग, गळ्यात बारा महिने पांढरा दुपट्टा. हातात हातभर लांबीचा बाभळीचा दांडा. चालू मशीनच्या बेअरिंगला दांड्याचं एक टोक लावायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचा. "बारा नंबर खोकलून राह्यली," असं म्हणाला की बारा नंबर बंद करायची. उघडल्यावर रोलर झिजलेला नाहीतर सुरी सरकलेली निघायचीच.

माझी त्याची पहिली भेट तो ज्या जिनात मिस्त्री होता तिथंच मी हमाल होतो तेव्हाची. नेरजवळच्या खेड्यातून मी दिग्रसला आलो होतो, पाठीवर पोती उचलत होतो आणि डोळे उघडे ठेवत होतो. एक दिवस मालकाचा मोठा पाना हरवला. मालक सगळ्या कामगारांच्या आयाबहिणी काढत फिरत होता. गुणवंत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मालक, वस्तू हरपत नसते. कोनापाशी तरी असते."

"मंग सांग ना बे कोनापाशी हाये ते!"

"ते मले काय ठावं? पन ज्याच्यापाशी असन त्याले परत ठिवाची लाज वाटून राह्यली असन. जागा करून द्या ना जी."

त्यानं मशीनच्या मागं पोतं अंथरलं. सगळ्यांना एकेक करून त्या बाजूनं जाऊन यायला सांगितलं आणि बाकीच्यांना पाठ करून उभं केलं. शेवटचा माणूस आला तेव्हा पाना पोत्यावर होता. मालकानं विचारलं, "कोन होता?" गुणवंतानं पोतं झटकलं आणि म्हणाला, "पाना भेटला ना?"

त्या दिवशी मला तो भोळा वाटला. आपला हात वर असताना माणसानं समोरच्याला सोडून का द्यावं, हे मला कळत नव्हतं. मी पुढं दलालीत शिरलो, सौदे करू लागलो, आणि माझी सगळी अक्कल याच्या उलट होती. सौद्याला बसलो की मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या चपलांकडे बघतो. चपलांची टोकं दाराकडं वळली असतील तर त्याला घाई आहे. ज्याला घाई आहे त्याला थांबवून धरायचं. एवढ्या एका विद्येवर मी घर बांधलं.

मग ती वर्षं आली. कापसाचं कोणतंच गणित जुळेना झालं. खेड्यांत मोठ्या गाड्यांतून पाहणीला माणसं यायची, वह्या काढून प्रश्न विचारायची, निघून जायची. आमच्या बाजूनं त्या संकटाचं रूप वेगळं होतं: जिन बंद पडत होते. फाटकाला कुलूप आणि आत घाणेरीचं रान. आमच्या जुन्या मालकानंही कंटाळून जिन भाड्यानं द्यायला काढला. ज्या जिनात मी हमाल होतो तोच. मला राहवलं नाही. मी गुणवंताला आत घेऊन गेलो आणि विचारलं, "चालतीन का मशीनं?"

तो दोन दिवस प्रत्येक मशीन हातानं फिरवून दांडा लावून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चालतीन." त्या एका शब्दावर मी आयुष्यभराचं साठवलेलं सगळं त्या जिनात घातलं.

तो 'चालतीन' म्हणाला होता, 'मी थांबीन' म्हणाला नव्हता. तोंडी सौद्यांवर जगलेल्या माणसाला एवढा फरक कळत नसेल का? पण राग धरायचा असला की माणूस स्वतःच्या सोयीचं ऐकतो.

पोळा झाल्यावर एका दुपारी तो माझ्याकडे आला. "भाऊ, आफ्रिकेत, टांझानियात, जिन उभे करून राह्यले. आपल्यावानीच मशीनं. नागपूरची कंपनी मानूस पाठवून राह्यली. दोन सालाचं काम हाये."

"अन् माझा जिन?"

"तुमचा मी दसऱ्याच्या आधी लावून देतो ना. मंग महादेव हाये सांभाळाले." महादेव म्हणजे त्याच्या हाताखालचा गडी.

"महादेवले रोलर अन् लाटणं यातला फरक तरी समजते का बे?"

तो हसला. "शिकते जी. मी का मायच्या पोटातून शिकून आलतो?"

मी सौद्याला बसलो. घराचं भाडं देतो म्हणालो, मुलीच्या शिक्षणाचं बघतो म्हणालो. त्याच्या ज्योत्स्नाला यवतमाळला नर्सिंगला जायचं होतं, ते मला ठाऊक होतं. मग मी चिडलो, ओरडलो, बारा वर्षांची ओळख काढली. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो अनवाणी होता आणि पाय सरळ माझ्याकडे होते.

"भाऊ, मी सौदा करून नाही राह्यलो. सांगून राह्यलो," तो म्हणाला. आणि जरा लाजत: "एक गोष्ट हाये. साऱ्या उमरीत मी दुसऱ्यानं झिजवलेलीच मशीन सारखी केली. खोक्यातून काढलेली कोरी मशीन बसवाची हाये मले एकदा. तिचा पह्यला आवाज कसा असते, ते ऐकाचा हाये."

याची किंमत किती लावायची ते मला कळेना, आणि किंमत लावता आली नाही की माझा राग वाढतो.

पासपोर्ट आला तेव्हा त्यानं तो जिनात आणला. साबणानं हात धुऊन, दुपट्ट्यात गुंडाळलेला. ज्याला बघायचा त्यानं हात धुऊन यायचं अशी अट. फोटोत त्यानं कोरा पांढरा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते, आणि तोंडावर असा भाव होता की कोणीतरी त्याला बेअरिंगचा आवाज ऐकवतंय. "गुणवंता, यात तू सायेब दिसून राह्यला," महादेव म्हणाला. "ग्रीस नाही ना लावलं," गुणवंत म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस यवतमाळला येऊन सगळ्यांचे पासपोर्ट घेणार होता. आणि नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाने, छिन्न्या, हातोड्या घासूनपुसून मशीनपुढं मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. हत्यारांना ती एक रात्र सुट्टी. गुणवंतानं पोतं अंथरलं, आपली हत्यारं ओळीनं लावली आणि मोठ्या पान्याच्या शेजारी पासपोर्ट ठेवला.

"हे कायले?" मी विचारलं. "घरी देवापाशी ठेव ना."

"बायको बी तेच म्हने. पन आता हेच माह्यं हत्यार हाये, भाऊ. हत्याराची जागा हत्यारात."

त्यानं पासपोर्टाच्या कव्हरवर करंगळीनं कुंकवाचं बोट लावलं, अगदी हलकं, आत डाग जाऊ नये असं. आम्ही आरती केली. मी मशीनच्या हॉलला कुलूप लावलं. त्या कुलपाची किल्ली एकच होती आणि ती माझ्या कमरेला होती.

दसऱ्याच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो. त्या दिवशी मुहूर्त होता: पहिला कापूस, सरकी काढून त्याची पहिली रुई, ती दाबून पहिली गाठ. मी कुलूप उघडलं. हत्यारं होती तशी होती. मी पासपोर्ट उचलला आणि शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला.

मी चोरी करत नव्हतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. घाईत असलेल्या माणसाला मी थांबवून धरत होतो. कंपनीचा माणूस परत जाऊ दे, पंधरा दिवस मशीनं चालू देत, मग कुठंतरी सापडल्यासारखा करून देऊ. आयुष्यभर मी हेच केलं होतं, फक्त यावेळी समोरच्याला सौदा चालू आहे हे माहीत नव्हतं.

माणसं यायला लागली. मला एक गोष्ट सुचलीच नव्हती: दसरा होता. जो येईल तो आपट्याची पानं हातात देऊन गळ्यात पडत होता. "सोनं घ्या भाऊ!" आणि छातीला छाती. प्रत्येक वेळी ते टणक कव्हर माझ्या बरगडीला लागायचं. मी अंग चोरत होतो. "काहून भाऊ, अंग दुखून राह्यलं का?" महादेवनं विचारलं. आणि फाटकातून गुणवंत येताना दिसला, हातात आपट्याची डहाळी, सरळ माझ्याकडे. त्याच्या गळ्यात पडायची माझी छाती नव्हती. मी गाठी दाबायच्या प्रेसकडे वळलो. तिथं आदल्या दिवशी मशीनं तपासताना निघालेली रुई ढिगानं पडली होती. मी ढिगात हात खुपसून पासपोर्ट खोल सारला. संध्याकाळी काढून घेऊ. मग मागं वळलो आणि गुणवंताला मिठी मारली.

तो हॉलमध्ये गेला. दोन मिनिटांनी बाहेर आला. चेहरा कोरा. "भाऊ, पासपोर्ट नाही."

"नीट पाहा. सरकला असन."

"हत्यारं नाही सरकली."

शोधाशोध सुरू झाली. हॉल झाडला, मशीनंखाली बॅटऱ्या मारल्या. तिकडे प्रेसवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भटजींनी दिलेली वेळ टळू नये म्हणून त्यांनी समोरचा ढीग पेटीत भरला, तुडवला आणि प्रेस खाली आणली. टाळ्यांचा आवाज आला म्हणून मी धावत गेलो. मुहूर्ताची गाठ बाहेर आली होती. लोखंडी पट्ट्या आवळलेली, वर कुंकवाचं स्वस्तिक, समोर फुटलेला नारळ. ढीग होता तिथं नुसती फरशी.

आता मला कोणीतरी विचारावं की मी तेव्हाच पट्ट्या का तोडल्या नाहीत. मुहूर्ताची गाठ तोडणं अशुभ, हे एक. तोडून काय शोधतोस असं कोणी विचारलं असतं, हे खरं.

दुपारी गुणवंतानं हॉलमध्ये पोतं पुन्हा अंथरलं. सगळी हत्यारं नवमीला होती त्याच क्रमानं लावली. मोठ्या पान्याच्या शेजारी पासपोर्टाएवढी जागा मोकळी ठेवली. बराच वेळ त्या जागेकडे बघत उकिडवा बसला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, अगदी सावकाश, "भाऊ, कुलूप तुमी उघडलं."

मी भडकलो. मला लाज वाटते तेव्हा मी भडकतो, हे मला आता कळतं. कमरेची किल्ली काढून मी त्याच्या पायाशी फेकली. "चोर म्हनतं मले? ज्यानं तुले कामाले लावलं त्याले? घे किल्ली, घराची झडती घे माह्या! बायकोची पेटी उघडून पाहा!"

गुणवंतानं किल्ली उचलली, दुपट्ट्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "नाही भाऊ. चूक माह्यीच हाये. हत्यारात ठिवाले नव्हता पाह्यजे."

तो हे सर्वांसमोर म्हणाला, आणि माणसांनी ते धरून ठेवलं. पण पोतं त्यानं उचललं नाही. पाना हरवला होता तेव्हाच्यासारखं ते मशीनच्या मागं अंथरून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढायचा, स्वतः फाटकाशी पाठ करून बसायचा. आठ दिवस. कंपनीच्या माणसानं त्याला तेवढीच मुदत दिली होती. आठ दिवसांत पासपोर्ट आला नाही तर अमरावतीचा दुसरा फिटर जाणार होता.

ते पोतं माझ्यासाठी होतं, हे मला माहीत होतं. आणि ती गाठ आवारात लिंबाखाली उभी होती. माझ्या खुर्चीवरून दोन्ही दिसायची.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी तोडायची कात्री घेऊन गाठीपाशी गेलो. एक पट्टी तोडली असती तर गाठ फुलली असती, हात घालता आला असता. मी कात्री लावली. मागं पावलं वाजली.

"मुहूर्ताची गाठ कायले तोडून राह्यले, भाऊ?"

"तोडत नाही. पट्टी ढिली वाटली."

गुणवंत जवळ आला. दांड्याचं टोक गाठीला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. गाठीला काय आवाज असतो? पण तो ऐकत राहिला. "पट्टी घट्ट हाये," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ थांबला. आता मला वाटतं, तो मला जागा करून देत होता. मी कात्री पिशवीत टाकली आणि म्हणालो, "चल, चहा पिऊ."

नवव्या दिवशी लॉरी भरली. मुहूर्ताची गाठ सगळ्यात वर चढली, हार घातलेली. त्या दिवशी गुणवंतानं पोतं झटकलं.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. दुसरा पासपोर्ट काढायचा तर आधी पोलिसात हरवल्याची नोंद हवी. गुणवंत मला म्हणाला, "भाऊ, तुमी या संग. तुमाले बोलता येते." मी गेलो. हवालदारानं विचारलं, कुठं हरवला, कोणावर संशय? मी म्हणालो, "एसटीत पडला साहेब. दिग्रस ते यवतमाळ." हवालदारानं लिहिलं. गुणवंतानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्या कागदावर सही त्याची आहे, शब्द माझे आहेत. खोटं बोलायचं त्याला माहीत नव्हतं, ते मी त्याच्या नावावर करून दिलं.

नवा पासपोर्ट यायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर टांझानियातली मशीनं अमरावतीवाल्यानं बसवली होती. गुणवंत माझ्याच जिनात राहिला. मला हवं होतं तसंच झालं. मशीनं त्या हंगामात एक दिवसही बंद पडली नाहीत. आणि मी बाजारात सांगू लागलो की हा मला ऐन वेळी सोडून निघाला होता, देवानंच थांबवला.

ज्योत्स्नाचं नर्सिंग राहिलं. ती पुसदला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली. मी शिक्षणाचं बघतो म्हणालो होतो. ते तो जात असताना म्हणालो होतो. थांबल्यावर मला त्याची गरज उरली नाही.

जिनात मात्र एक नवी म्हण तयार झाली. काही हरवलं, विडीचं बंडल असो की जेवणाचा डबा, की कोणीतरी ओरडायचं, "झाला गुणवंताचा पासपोर्ट!" हळूहळू ती मार्केटात गेली, मग गावात. मी बायकांना नळावर म्हणताना ऐकली आहे. ज्या माणसाच्या पोत्यावरून आयुष्यात एक वॉशर हरवला नाही, त्याचं नाव धांदरटपणाला पडलं. तो स्वतःही हसायचा. "चाला, कशाले तरी नाव लागलं आपलं," म्हणायचा. मीसुद्धा ती म्हण वापरली आहे. त्याच्यासमोर.

त्याच उन्हाळ्यात, नवा पासपोर्ट यायच्या आधी, दक्षिणेतल्या एका सूतगिरणीकडून माझ्या नावानं पाकीट आलं. गिरण्या गाठीत सापडलेला कचरा पुराव्यासाठी पाठवतात. पाकिटात सुतळी होती, प्लास्टिकचा तुकडा होता, आणि तो होता. कव्हर एका बाजूनं फाटलेलं, पानापानांत रुई अडकलेली. फोटोचं पान शाबूत. कव्हरवर कुंकवाचा फिकट डाग. सोबत इंग्रजीत टाइप केलेली तक्रार, की यापुढे काळजी घ्यावी.

गुणवंत तेव्हा वीस पावलांवर सात नंबर उघडून बसला होता. पोतं अंथरलेलं होतं. मी पाकीट घरी नेलं आणि कपाटात टाकलं.

मला त्याचा राग होता. खरं सांगतो, आजही आहे. त्याला कळलं होतं. किल्लीच्या दिवशी कळलं होतं, गाठीपाशी तर नक्कीच. मग त्यानं मला एकदा तरी शिवी का दिली नाही? मी ओरडणारा माणूस आहे. माझ्यावर कोणी ओरडलं तर मला उत्तर देता येतं. त्यानं मला उत्तर द्यायची वेळच येऊ दिली नाही. दर दसऱ्याला येऊन हातात सोनं ठेवून गळ्यात पडायचा, आणि पडताना थोडा जास्त वेळ थांबायचा. दुसरं काही नाही.

शेवटच्या वर्षांत त्याला ऐकू येईनासं झालं. जिनाच्या आवाजात इतकी वर्षं काढली की कान जातात. एक दिवस बाभळीचा दांडा घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. "भाऊ, हे ठिवा आता. मशीन बोलते, पन मले आयकू येत नाही." मी मोठ्यानं विचारलं, "कोनाले देऊ?" त्याला तेही ऐकू गेलं नाही. तो हसून मान डोलवत म्हणाला, "हाव."

गेल्या थंडीत तो गेला. घरीच, दुपारी, जेवून आडवा झाला तो उठला नाही. मी गेलो होतो. अंगणात माणसं बसली होती. आत त्याच्या फोटोची शोधाशोध चालली होती, पेपरात द्यायला आणि भिंतीवर लावायला. मतदान कार्डावरचा होता, त्यात तो ओळखू येत नव्हता. लग्नाचा होता, त्यात फक्त मुंडावळ्या दिसत होत्या. ज्योत्स्ना बाहेर आली. डोळे सुजलेले. ती म्हणाली, "काका, बाबाचा एकच चांगला फोटो होता. पांढऱ्या शर्टातला. साऱ्या कॉप्या तेव्हा फॉर्मायले लागल्या. राह्यला तो पासपोर्टावर गेला." आणि अंगणातलं कोणीतरी, वाईट हेतूनं नाही, सवयीनं, म्हणालं, "फोटोचाही गुणवंताचा पासपोर्ट झाला म्हणा."

काही जण हसले. ज्योत्स्नाही हसली, वडील हसायचे तशीच. मी चपला घातल्या. त्यांची टोकं दाराकडं होती.

तो फोटो मी परवा ज्योत्स्नाला पाठवला, पासपोर्टासकट, रुईसकट. सोबत चिठ्ठी लिहिली नाही, चिठ्ठी हीच. त्या फोटोला काही अट नाही. पण बाकीच्याला, म्हणजे या कबुलीला, आहे.

ती म्हण आजपासून बंद करा. नाव लावायचंच असेल तर माझं लावा. आणि गुणवंतानं चोराला कोणाच्या नजरेत न येता परत ठेवता यावं म्हणून पोतं अंथरलं होतं, ते आता माझ्यासाठी कोणी अंथरू नका. मी आठ दिवस ते ओलांडून गेलो आहे. मी रोज सकाळी जिनाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. ज्योत्स्ना, तू ये. महादेव, तूही ये; तू तेव्हा तिथं होतास, तुला काहीच कळलं नाही असं मला सांगू नकोस. माझ्या तोंडाकडे बघा आणि सगळ्यांदेखत विचारा. मी ओरडेन. ओरडू द्या आणि पुन्हा विचारा.